पाठमोरी

ऋतुराजने तीन सिनेमे काढून ठेवले होते. एक विनोदी, एक प्रेमाबिमाचा, आणि एक असा, की आवडला नाही तरी नंतर चहा पिताना त्याला मनसोक्त नावं ठेवता येतील. कल्पिताला तो पहिल्यांदाच भेटणार होता. तीन आठवडे रोज फोनवर बोलणं झालं होतं, आणि समोरासमोर आल्यावर फोनवरचं सगळं अवसान गळून पडेल अशी त्याला धास्ती होती.

"तिन्ही नकोत," ती म्हणाली. "'पाचवी करवली' लागलाय. तो बघू."

"भुताचा?"

"हो. का, घाबरतोस?"

"छे, घाबरतोय कसला!"

तो घाबरायचा. एकोणतीस वर्षांचा झाला होता, डोंबिवलीतल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन होता, सकाळी साडेसहापासून घरोघरी जाऊन रक्त काढायचा. रक्ताचं, सुईचं, आजाऱ्यांच्या खोल्यांचं त्याला काही वाटत नसे. पण पडद्यावर एखादं दार कुरकुरत उघडायला लागलं की तो उठून जायला निमित्त शोधायचा. शाळेत असताना एकदा मित्राकडे सगळे मिळून असला सिनेमा बघत होते, तेव्हा हा पाणी प्यायला म्हणून स्वयंपाकघरात गेला तो सिनेमा संपेपर्यंत मित्राच्या आईला लसूण सोलून देत बसलेला.

'पाचवी करवली' ठाण्यातून चार दिवसांत उतरला होता. कल्याणला एका जुन्या थिएटरमध्ये दुपारी एकचा एकच खेळ चालू होता. कल्पिता राहायला कळव्याला, नोकरी माजिवड्याला, कानाच्या मशिनच्या दुकानात. कल्याण तिला उलट्या दिशेला. तरी ती म्हणाली, "येते मी रविवारी. तिकिटंपण मीच काढते. जागा मला हव्या तशा पाहिजेत."

लॅबमधल्या सुदेशला त्याने हे सांगितलं. ही ओळख सुदेशच्या बायकोनेच करून दिली होती, त्यामुळे सल्ला द्यायचा हक्क आपलाच असं सुदेशला वाटायचं.

"अरे येड्या, पोरगी स्वतःहून हॉरर म्हणतेय. म्हणजे तिला हात धरायला निमित्त पाहिजे. तू फक्त हात मोकळा ठेव. पॉपकॉर्न तिच्या बाजूच्या हातात घेऊ नको."

रविवारी ऊन मी म्हणत होतं. ऋतुराजने स्कूटर लावली तेव्हा साडेबारा वाजले होते, आणि कल्पिता थिएटरच्या पायरीवर सावलीत आधीच येऊन उभी होती. फोटोत दिसायची त्यापेक्षा बारीक, केस घट्ट बांधलेले. तिने हसून हात हलवला, पण लगेच मागे वळून पोस्टरकडे बघितलं, जणू ते तिथून कुणी काढून नेईल. पोस्टरवर हिरव्या चुड्याचे पाच हात होते, एक इतरांपेक्षा लांब.

"लवकर आलीस?"

"अकराला आले." मग तिला वाटलं असावं की हे विचित्र वाटेल. "म्हणजे, काही काम होतं इकडे."

तिला काही खायला नको होतं. पाणीही नको होतं. आत जाताना ती म्हणाली, "एक सांगू? मधे उठायचं नाही हं. आणि इंटरव्हलपर्यंत बोलायचंपण नाही. चालेल ना?"

"चालेल की."

"खूप भीती वाटते का रे असल्या सिनेमात?"

ऋतुराज थबकला. सिनेमा तिने निवडला होता, आणि आता विचारत होती ती! "तू बघत नाहीस असले?"

"कधीच नाही," कल्पिता म्हणाली आणि अंधारात शिरली.

हॉलमध्ये जेमतेम वीस माणसं होती. पंखे घरघरत होते. कल्पिताने बरोब्बर मधल्या, फार पुढेही नाहीत आणि फार मागेही नाहीत अशा खुर्च्या घेतल्या होत्या. ती पाठ न टेकता बसली.

सिनेमाची गोष्ट एका मंगल कार्यालयाची होती. तिथे ज्या मुलीचं लग्न लागतं तिच्या मागे चार करवल्या उभ्या असतात, पण फोटो धुऊन आले की पाच दिसतात. पाचवी कोण ते कुणालाच ठाऊक नसतं. सुरुवातीच्याच प्रसंगात त्या पाचवीने फ्रेमच्या कडेवरून मान काढली, तेव्हा ऋतुराजने डोळे मिटले आणि मनात एक ते एकवीस मोजले. कल्पिता हलली नाही. भुताकडे तिचं लक्षच नव्हतं. ती प्रत्येक प्रसंगात मागच्या माणसांकडे बघत होती. वऱ्हाडी, वाढपी, सनईवाला. घरच्या लग्नाची सीडी बघताना माणसं स्वतःला शोधतात, तशी.

मग नवरीच्या खोलीचा प्रसंग आला. आरसा, त्याच्यापुढे नवरी उभी, आणि तिला नऊवारी नेसवणारी एक बाई, कॅमेऱ्याकडे पाठ करून गुडघ्यांवर बसलेली. पोपटी साडी, सैल अंबाडा. बाईचे हात भरभर चालले होते. निऱ्या, काष्टा, एक पिन, दुसरी पिन. कल्पिताने ऋतुराजचं मनगट पकडलं. हलकेच नाही. नखं रुतली.

सुदेश म्हणाला होता तसंच झालं, असं ऋतुराजच्या मनात येतंय तोच त्या बाईने मान वळवली.

सावकाश वळवली. नवरीकडे नाही, आरशाकडे नाही, सरळ समोर. सिनेमात माणसं कॅमेऱ्याकडे बघत नाहीत. ही बघत होती. पन्नाशीची बाई, गोल चेहरा. ओठांत तीन-चार पिना धरलेल्या. डाव्या भुवईत मधेच एक फट. ती हॉलमधल्या खुर्च्यांवरून नजर फिरवत होती. स्टेशनावर उतरल्यावर घ्यायला आलेलं माणूस शोधावं, तशी. ऋतुराजपाशी ती नजर थांबली. त्याच्या मानेवरचे केस उभे राहिले. पडद्यावर नवरी बोलत होती, हसत होती, संवाद चालूच होते. ती बाई मात्र त्या गोष्टीतली नव्हतीच. मग प्रसंग बदलला.

कल्पिताने मनगट सोडलं. ती पहिल्यांदाच खुर्चीला टेकली. तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसतही नव्हती.

इंटरव्हलला दिवे लागले. ऋतुराजला वाटलं, ही घाबरली असेल, काहीतरी हलकंफुलकं बोलावं.

"सिनेमातल्या भुताचं काही वाटलं नाही बघ," तो म्हणाला, "पण ती साडी नेसवणारी बाई! ती वळून बघते ना, तिथे माझी खरंच फाटली."

कल्पिता त्याच्याकडे बघत राहिली. "कोण वळून बघते?"

"ती पोपटी साडीतली. तोंडात पिना धरलेली."

"ती वळत नाही," कल्पिता म्हणाली. आवाज अगदी सपाट. "ती पाठमोरी आहे. पूर्ण प्रसंगभर पाठमोरी आहे. मी पापणीसुद्धा लवू दिली नाही."

"अगं वळली ना, चांगली पाच-सहा सेकंद—"

"तोंडात पिना आहेत हे तुला कसं कळलं?"

"दिसल्या म्हणून."

"अजून काय दिसलं?"

तिचा चेहरा बघून ऋतुराजला कळलं की आता जपून बोलायला हवं, पण काय जपायचं तेच माहीत नव्हतं. त्याने दिसलं ते सांगितलं. गोल चेहरा, भुवईतली फट. "इथे," म्हणत त्याने स्वतःच्या डाव्या भुवईवर बोट ठेवलं.

कल्पिता उठली. त्याला वाटलं, निघाली. ती दोन खुर्च्या पलीकडे जाऊन उभी राहिली, परत आली आणि दात आवळून म्हणाली, "कुणी सांगितलं तुला? सुदेशच्या बायकोने? बघ, मस्करी करत असशील तर आत्ता सांग."

"कसली मस्करी? कोण आहे ती?"

"माझी आई आहे," कल्पिता म्हणाली. "दोन वर्षं झाली जाऊन."

दिवे मालवले. पुढचा सव्वा तास दोघं शेजारी बसून होते. कल्पिता पडद्यावरचा एकेक कोपरा चाळत होती. ऋतुराजने डोळे मिटले नाहीत, मिटायची भीती वाटली. ती बाई पुन्हा आली नाही.

बाहेर पडताना कल्पिता दारावर तिकिटं फाडणाऱ्या म्हाताऱ्या गोपीनाथपाशी थांबली. तिने विचारलं, ही फिल्म सगळीकडे सारखीच असते का, की काही ठिकाणी जास्तीचा सीन असतो?

"बाई, आता कसली फिल्म? डिस्क येते," गोपीनाथ म्हणाला. "सगळीकडे तीच. गुरुवारपर्यंत आहे, मग उतरणार. बघायला कोण येतंय?"

दोघं काळा तलावावर जाऊन बाकावर बसले. पाण्यावर ऊन चकाकत होतं, समोर एक माणूस शेंगदाणे भाजत होता. मग कल्पिताने सगळं सांगितलं.

तिची आई मालन साड्या नेसवायची. कळव्यात, ठाण्यात लग्न असलं की बोलावणं यायचं. पुढे घोडबंदर रोडला मालिकांची शूटिंगं चालतात तिथे जायला लागली. नऊवारी नीट नेसवणारी माणसं तिथे मिळत नाहीत. तीन वर्षांपूर्वी या सिनेमाच्या वेळी नेसवणाऱ्या बाईचं काम करायला जिला बोलावलेलं ती आलीच नाही. दिग्दर्शक म्हणाला, मावशी, तुम्हीच बसा, तुमचे हात खरे वाटतात.

"घरी आली ती नाचतच. म्हणाली, मी पडद्यावर येणार. पण पाठमोरी हं, तोंड नाही दिसायचं. बाबा म्हणाले, पाठीला कोण ओळखणार? तर म्हणाली, माझी पोरगी ओळखेल."

सिनेमा रखडला. पुढच्या भाद्रपदात मालनला डेंग्यू झाला. चौथ्या दिवशी ती गेली.

"प्लेटलेट्स?" ऋतुराजने विचारलं. त्याला तेवढंच सुचलं.

"सात हजार." कल्पिता पाण्याकडे बघत होती. "घरी आणलं तेव्हा सगळ्या बायका म्हणत होत्या, शेवटचं तोंड बघून घे. मी नाही बघितलं. स्वयंपाकघरात भिंतीकडे तोंड करून बसले. काकीने ओढलं तरी उठले नाही. मला वाटलं, बघितलं नाही तर ते खरं होणार नाही. आणि मग... तुला खोटं वाटेल. पंधरा दिवसांनी लक्षात आलं, मला तिचा चेहरा आठवत नाही. हात आठवतात. पाठ आठवते, ओट्यापाशी उभी असायची ती. चेहऱ्याच्या जागी काही नाही. फोटो बघितला की फोटो आठवतो. आई नाही आठवत."

"म्हणून हा सिनेमा."

"म्हटलं, निदान पाठ तर हलताना दिसेल. एकटीने यायची हिंमत नव्हती. बाबांना सांगितलं असतं तर ते आले नसते, किंवा येऊन कोसळले असते. मैत्रिणीला आणलं असतं तर ती पडदा सोडून माझ्याकडेच बघत बसली असती. तुला काही माहीत नव्हतं." ती थांबली. "म्हणून तू."

ऋतुराजला ते लागलं. ही भेट त्याच्यासाठी नव्हतीच. तीन आठवड्यांचे फोन, इस्त्रीचा शर्ट, सुदेशचा सल्ला, सगळं त्याला एकदम केविलवाणं वाटलं. पण शेजारी बसलेल्या मुलीला अजून हुंदके येत होते आणि तिचा राग त्याच्यापेक्षा आईवरच जास्त आहे तेही त्याला दिसत होतं.

"तुला का दिसली?" ती म्हणाली. "तू कोण तिचा? मी दोन वर्षं वाट बघतेय आणि तिने तुझ्याकडे बघावं?"

तो म्हणाला, "उद्या परत जाऊ या."

सोमवारी दोघांनी अर्धी रजा टाकली. हॉलमध्ये सात माणसं होती. गोपीनाथने तिकिटं फाडताना दोघांकडे नीट बघून घेतलं. ऋतुराज सबंध सकाळ स्वतःला समजावत होता, की काल उन्हातून आलो होतो, घाबरलेलो होतो, काहीतरी भास झाला. तिची आई वेगळी, मला दिसलेली बाई वेगळी. भुवईत फट काय शंभर जणांच्या असते.

नवरीच्या खोलीचा प्रसंग आला. पोपटी साडी, सैल अंबाडा, भरभर चालणारे हात. यावेळी त्यानेच कल्पिताचा हात धरला.

बाई वळली.

"आहे का?" कल्पिता पुटपुटली. ती पडद्याकडेच बघत होती.

"आहे."

"वळली?"

"हो."

"मला पाठच दिसतेय. काय करतेय?"

"बघतेय."

"तुझ्याकडे?"

"नाही. तुझ्याकडे."

प्रसंग बदलला, पण बाई गेली नाही. ती आता कार्यालयाच्या जेवणाच्या पंगतीत होती, शेवटच्या पाटावर, पुढ्यात पान नाही. त्यापुढच्या प्रसंगात जिन्याच्या वळणावर. मग मुहूर्ताच्या गर्दीत, अक्षता उडत असताना, सगळ्यांची तोंडं नवरानवरीकडे आणि हिचं एकटीचं इकडे. कुणाचा धक्का तिला लागत नव्हता. पाचवी करवली समोर येऊन किंचाळली तरी ऋतुराजला तिची भीती वाटेना. खरी भीती मागे उभी होती, शांत, पापणी न लववता. उठून दारापर्यंत पळत जावं असं त्याला दहादा वाटलं. पण कल्पिताचा हात त्याच्या हातात होता, आणि तो सोडला तर तिच्यापर्यंत काहीच पोचणार नाही, हे त्याला कळत होतं.

"सांग ना," ती म्हणाली. "कशी दिसते ते सांग. सगळं सांग."

त्याने सांगायला सुरुवात केली. अगदी हळू, तिच्या कानाशी. कपाळ रुंद आहे. भांगापाशी केस पांढरे आहेत, डाव्या बाजूला जास्त. डोळ्यांखाली काळं आहे. उजवा डोळा डाव्यापेक्षा थोडा लहान आहे, किंवा ती तो बारीक करून बघतेय.

"बारीकच करायची. चष्मा लावायची नाही," कल्पिता म्हणाली. "पुढे."

हनुवटीला खळी नाही, पण एक आडवी रेघ आहे. गाल जरा ओघळलेत. मान आखूड. गळ्यात काळी पोत.

"पुढे."

तो सांगत गेला. रोज माणसांचे दंड चाचपून शीर शोधायची त्याला सवय होती. तसाच तो त्या चेहऱ्यावरून पुढे पुढे सरकत होता, घाई न करता. कल्पिताने आता डोळे मिटले होते. पडद्यावर आरडाओरडा चालला होता, आणि ही मिटल्या डोळ्यांनी ऐकत होती.

"माझ्यावर रागावलीय का?"

ऋतुराजने नीट बघितलं. तिला बरं वाटेल असं काहीतरी सांगणं सोपं होतं. पण ती बाई बघत असताना तिच्याबद्दल खोटं बोलायचा त्याला धीर झाला नाही.

"मला नाही कळत गं. तोंडात पिना आहेत तिच्या. पिना धरलेल्या माणसाचा राग ओळखू येत नाही."

कल्पिता हसली. अंधारात तिचं हसू ऐकू आलं, आणि त्यातच रडू मिसळलं. "तशीच ओरडायची ती. पिना न काढता. म्मम् म्मम् करून. आम्हाला एक शब्द कळायचा नाही आणि ती आणखी चिडायची."

पडद्यावरची बाई, ऋतुराजने शपथेवर सांगितलं असतं, तेव्हा किंचित पुढे झुकली. सिनेमा संपेपर्यंत ती तिथे होती. नावं वर सरकायला लागली तेव्हा काळ्या पडद्यावर तिचा चेहरा क्षणभर राहिला, दिवा विझल्यावर डोळ्यांत उजेड राहतो तसा, आणि गेला.

मंगळवारी आणि बुधवारी कल्पिता एकटी गेली. दोन्ही दिवस पाठच दिसली. गुरुवारी ऋतुराजही रजा काढून गेला, तर त्यालाही पाठच दिसली. शुक्रवारी सिनेमा उतरला.

रविवारी कल्पिताने त्याला घरी बोलावलं. तिने वडिलांना सगळं सांगून टाकलं होतं. कळव्याला जुन्या चार मजली इमारतीत दुसऱ्या माळ्यावर घर होतं. महिपतकाका वागळे इस्टेटमधल्या कारखान्यातून रिटायर झालेले, उंच, वाकलेले. त्यांनी ऋतुराजला बसायला सांगितलं, पाणी दिलं, आणि काही न विचारता एक मोठा फोटो टेबलावर ठेवला. कणकवलीकडच्या कुठल्याशा लग्नातला. मांडवात ओळीने बसलेल्या, उभ्या राहिलेल्या पस्तीस-चाळीस बायका. चेहरे नखाएवढे.

"बाबा, परीक्षा काय घेताय?" कल्पिता म्हणाली.

"तू गप बस," ते म्हणाले. "यात ती आहे. दाखव."

ऋतुराजला शोधावं लागलं नाही. मागच्या ओळीत डावीकडून तिसरी. त्याने बोट ठेवलं. "यात वय कमी आहे. पण ह्याच."

महिपतकाकांनी फोटो जवळ ओढून घेतला.

"एक फरक आहे," ऋतुराज म्हणाला. आपण काय बोलतोय ते त्याला माहीत नव्हतं. चौकशीला बसवलेल्या माणसासारखा तो आठवेल ते सांगत होता. "यात नाकात चमकी दिसतेय. सिनेमात नव्हती. नुसतं भोक होतं."

"असं कसं?" कल्पिता म्हणाली. "शूटिंगच्या दिवशी चमकी होती. घालूनच गेलेली, मी बघितलीय. ती कधीच काढायची नाही."

महिपतकाकांनी चष्मा काढला.

"हॉस्पिटलात काढली," ते म्हणाले. "शेवटच्या दिवशी. सिस्टर म्हणाल्या दागिना ठेवू नका, ट्यूब घालायचीय. निघत नव्हती. मी काढली, माझ्या हाताने. तिला दुखलं तेव्हा." ते कल्पिताकडे वळले. "तुला बोललो नव्हतो मी."

कल्पिताने टेबलाची कड धरली. ऋतुराजच्या अंगावर पुन्हा तोच काटा आला. त्याने बघितलेला चेहरा तीन वर्षांपूर्वीच्या शूटिंगमधला नव्हता. तो त्यानंतरचा होता.

महिपतकाकांनी चष्मा परत लावला. ऋतुराजला वाटलं, आता ते ओरडतील, किंवा निघून जा म्हणतील. त्यांनी विचारलं, "बरी दिसत होती का?"

"हो," ऋतुराज म्हणाला. "थकलेल्या होत्या. पण बऱ्या होत्या."

"ताप वगैरे वाटत होता?"

"नाही काका. ताप नव्हता."

त्यांनी मान डोलावली, दोनदा, आणि पोहे करायला आत गेले. कुणाला आत येऊ दिलं नाही.

निघताना कल्पिता त्याला सोडायला खाली आली. पहिल्या माळ्याच्या पायरीवर ती बसली, म्हणून तोही बसला.

"आता तिचा चेहरा आठवतो मला," ती म्हणाली. "डोळे मिटले की येतो समोर. भांग, भुवई, सगळं. पण तू सांगितलास तसाच येतो, त्याच क्रमाने. आधी कपाळ, मग केस, मग डोळे. माझा कसा होता ते गेलंच. आता जी आहे ती तू बघितलेली आई आहे." तिने गुडघ्यांभोवती हात घेतले. "मला भीती वाटते. तू गेलास तर हापण जाईल."

तू जाऊ नकोस, असं ती म्हणाली नव्हती. आणि म्हणाली असती तरी ते त्याच्यासाठी की त्या चेहऱ्यासाठी, हे तिलाही सांगता आलं नसतं. ऋतुराजला ते कळत होतं. कुणावर रागवावं असं त्यात काही नव्हतं. तो म्हणाला, "मी आहे अजून. बघू या." आणि दोघं तिथेच बसून राहिले. वरच्या माळ्यावरच्या एक बाई पिशव्या घेऊन आल्या, तेव्हा उठून त्यांना वाट दिली आणि पुन्हा बसले.

पुढे ती दोघं भेटत राहिली. कधी ठाण्याला, कधी डोंबिवलीला, कधी नुसतीच फोनवर. दिवाळीनंतर 'पाचवी करवली' मोबाइलवर आला. दोघांनी तो प्रसंग अकरा वेळा मागेपुढे करून बघितला. बाई पाठमोरी होती, हात चालत होते, बस.

महिपतकाकांना भेटला त्या रविवारी कळव्याहून ऋतुराज घरी पोचला तेव्हा पाच वाजत आले होते. त्याची आई संचिता जमिनीवर वर्तमानपत्र पसरून मेथी निवडत होती. तो चपला काढून तिच्यासमोर बसला. रोज बघतो तीच आई. पण कुणी अंधारात कानाशी येऊन विचारलं, सांग कशी दिसते, तर काय सांगता येईल, याचा त्याला अंदाजच लागेना. त्याने कपाळापासून सुरुवात केली. डाव्या कानाच्या पाळीखाली एक बारीक तीळ होता. तो कधीपासून आहे ते त्याला माहीत नव्हतं.

"काय रे?" आईने वर बघितलं. "असा काय बघतोस भूत बघितल्यासारखा? भूक लागलीय का?"

"नाही," ऋतुराज म्हणाला. "तू निवड. मी बसलोय."